महामार्गाकडे पाठ केलेलं घर: पेडण्यातल्या कामाच्या नोंदी

घर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, पत्रादेवी–करासवाडा पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या पश्चिमेला. जांभ्या चिऱ्यांचं, माती-चुन्यात बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. सगळं मिळून पावणेपाचशे चौरस फूट. चौपदरीकरणात रस्ता भराव घालून वर गेला आणि आमचं अंगण खाली राहिलं. त्यात ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरची विमानं सुरू झाली. रात्री झोपता येईल असं घर हवं होतं, पण काचा लावून एसी बसवायचा नव्हता. विजेचं बिल हा एक भाग. दुसरं म्हणजे आई एसीत झोपत नाही. त्याच खटपटीच्या या नोंदी. रस्ता रुंद झालेल्या गावांत असं काम काढणारे बरेच आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

१४ जानेवारी २०२४

मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने मोजणी. असं अ‍ॅप अचूक नसतं. पण फोन तोच, जागा तीच आणि वेळ तीच ठेवली तर आधी-नंतरचा फरक कळतो, आणि आम्हाला तेवढाच हवा. रात्री अकराला पुढच्या ओट्यावर ६१ ते ६४, ट्रक गियर बदलतो तेव्हा ७४. रस्त्याकडच्या झोपायच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून ५७. मागे शेताच्या बाजूला ५२. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे.

मागचं ५२ लक्षात ठेवण्यासारखं. काहीही न करता घराच्याच आडोशाने दहाएक डेसिबल कमी झालेले, आणि आम्ही झोपत होतो नेमके पुढच्या खोलीत.

२१ जानेवारी

सगळे सांगत होते, कुंपणाला सहा फुटी भिंत घाला. घालण्याआधी सुतळी, बांबू आणि टेप घेऊन बसलो. आवाज अडवायचा तर भिंतीने आवाजाचं मूळ आणि कान यांच्यामधली सरळ रेघ तोडली पाहिजे. रेघ तुटली नाही तर भिंतीला कितीही पैसे घाला, उपयोग जवळजवळ शून्य.

आमचे आकडे असे. ट्रकचं इंजिन आणि टायर अंगणाच्या पातळीपासून साधारण दहा फूट वर, कारण भराव. खिडकीशी कान साडेपाच फुटांवर. दोन्हींमधलं अंतर १२५ फूट. कुंपण रस्त्यापासून ४० फुटांवर, तिथे ही रेघ साडेआठ फुटांच्या वरून जाते. म्हणजे सहा फुटी भिंतीच्या अडीच फूट वरून ट्रक आरामात ऐकू येणार. हीच रेघ घरापासून चौदा फुटांवर सहा फुटांवर उतरते. तिथे आठ फुटी भिंत घातली की दोन फूट वर उरतात.

भिंत आवाजाच्या मुळाशी तरी असावी, नाहीतर कानाशी. मधोमध सगळ्यात निरुपयोगी. रस्त्याच्या कडेला आपल्याला घालता येत नाही, म्हणून घराजवळ. चौदा फूटच का, तर तुळशीवृंदावन हलवायचं नव्हतं आणि पूर्वेचा उजेड त्याच्यावर पडायला हवा.

४ फेब्रुवारी

खोल्यांची अदलाबदल ठरली. स्वयंपाकघर, न्हाणी आणि कोठी रस्त्याकडे म्हणजे पूर्वेला, झोपायची खोली आणि बसायची जागा शेताकडे पश्चिमेला. वाराही पश्चिमेचाच. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो थेट खोलीत.

पण इथेच सगळी गोम आहे. शांत बाजू तीच उन्हाची आणि तीच पावसाच्या झडीची. एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन आणि जुलैतला नैर्ऋत्येचा पाऊस, दोन्ही त्याच भिंतीवर. पूर्व-पश्चिम उलट असती तर काम निम्म्या खर्चात झालं असतं. म्हणून पश्चिमेला सात फूट खोल पडवी, वळचण जितकी खाली आणता येईल तितकी खाली. माणूस वाकून बाहेर पडला तरी चालेल.

पंचायतीकडे दुरुस्तीचा आणि भिंतीचा परवाना एकदमच मागितला. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), नकाशा, घरपट्टीची पावती. महामार्गाच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे लेखी घ्या, तोंडी घेऊ नका. आम्हाला आधी तोंडी सांगितलेलं अंतर आणि नंतर कागदावर आलेलं अंतर यांत फरक निघाला. नशिबाने आमची भिंत दोन्ही अंतरं सोडून घराच्या बाजूला होती.

२ मार्च

भिंतीचा पाया खणला. चिरे सिंधुदुर्गातून आले, पोच ५२ रुपये नग. गाडी उतरताना प्रत्येक चिरा वाजवून पाहिला. ठणठणीत वाजतो तो घ्यायचा, बद्द वाजला की बाजूला. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, त्यामुळे ओल्या चिऱ्यात फसगत होते. रिकामा-सच्छिद्र चिरा भिंतीत गेला की वजन कमी, आणि आवाज अडतो तो वजनानेच.

गवंडी बाराशे रुपये रोज, हाताखालचा आठशे. वाळू मिळेना, मिळाली ती महाग. शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) आधी काम उरकायचा बेत होता, पण शिगम्यात कामगार मिळत नाहीत हे गोव्यात घर बांधणाऱ्याने पंचांगातच लिहून ठेवावं. तसंच गणेश चवथीच्या आगेमागे.

७ एप्रिल

भिंत पूर्ण. चाळीस फूट लांब, आठ फूट उंच, नऊ इंच रुंद, दर आठ फुटांवर खांब. नऊ इंची भिंत एवढी उंच नुसती उभी ठेवू नका, वाऱ्याने जाईल. रस्त्याच्या बाजूला गिलावा केला नाही. खडबडीत चिरा बरा, पैसेही वाचले.

ओट्यावर आता ५५. सहा ते नऊ डेसिबल कमी. पण उत्तरेच्या टोकाला उभं राहिलं की ६०, कारण आवाज टोकाला वळसा घालून येत होता. दक्षिणेला जुना गोठा आहे, तिथे आपोआप अडलेला. उत्तरेला भिंत काटकोनात वळवून आठ फूट आणखी घेतली. त्यासाठी गवंड्याला परत बोलवावं लागलं आणि पायाही नव्याने. नकाशातच इंग्रजी एल आकार काढला असता तर हा खर्च निम्मा झाला असता. भिंतीच्या दरजा (चिऱ्यांमधले सांधे) भरताना एकही भोक राहू देऊ नका. बोटभर भोकसुद्धा हात लावून नाही, कान लावून सापडतं.

२१ एप्रिल

आता छप्पर. पुढे भिंत झाली तरी रात्री खोलीत आवाज येतच होता, आणि तो येत होता वरून. कौलारू छपराला हजारो फटी. शिवाय आमच्या जुन्या घराच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्याच नाहीत. पूर्वीच्या लोकांनी वारा खेळावा म्हणून तसं केलं आणि ते बरोबरच होतं, तेव्हा रस्त्यावरून बैलगाड्या जायच्या.

विमानाला तर भिंतीचा काही अटकाव नाही, ते आभाळातून येतं. म्हणून झोपायच्या खोलीला छत घातलं. तुळयांना लोखंडी पट्ट्या, त्याखाली बारा मिलिमीटरचे सिमेंट फायबर बोर्ड, दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे. वर दोन इंची काथ्याची गादी. काथ्या इथला, स्वस्त, आणि दमट हवेत काचलोकरीसारखा खाली बसत नाही असं वाटून घेतला. उंदीर घर करतील ही भीती होती म्हणून कडेने बारीक जाळी. पूर्वेच्या वळचणीची फट चिऱ्याचे तुकडे आणि चुना घालून बुजवली. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीत मात्र जाळीचं मोठं भोक ठेवलं, कौलांखालची गरम हवा तिथून निघून जाते.

छत घालून झाल्यावर पहिल्या रात्री फरक जवळजवळ नाही. पंख्याच्या हुकाभोवती, वायरच्या पाइपाभोवती आणि भिंतीला लागून फटी होत्या. त्या बुजवल्या, तेव्हा ४९ चे ४३ झाले. दोन थर बोर्डांनी जे केलं नाही ते शंभर रुपयांच्या पुट्टीने केलं.

न्हाणीवरचे पत्रे काढले. पावसात पत्र्याखाली बोलता येत नाही. त्याजागी जुनी मंगलोरी कौलं, पाडलेल्या घरातली, चौदा रुपयांना एक. ही कौलं १८६५ पासून मंगळुरात बेसल मिशनच्या कारखान्यात बनू लागली आणि तिथून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. जुनी घेताना मागे कारखान्याचा शिक्का एकच आहे ना बघा. वेगळ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही आणि मग पहिल्या वादळात गळतं. आमच्या ढिगात तीन कारखाने निघाले. मागचा उतार एका शिक्क्याचा, गोठ्याचा दुसऱ्याचा, असं वाटून घातलं.

१२ मे

दारं-खिडक्या. पूर्वेला फक्त एक खिडकी ठेवली, स्वयंपाकघराची, दोन फूट बाय दोन फूट. बाहेर दीड इंची फळीचं झडप, आत सहा मिलिमीटरची काच, मध्ये चार इंच मोकळी जागा. मोकळ्या जागेमुळे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले ठरतात. पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या, पट्ट्यांची झडपं, काच नाही. जुन्या घरांच्या लाकडाचा व्यापार करणाऱ्याकडून सागवानी दारं आणली, मेस्तने (सुताराने) ती कापून बसवली. चौकटीला रबराची पट्टी, दार लावलं की घट्ट.

२६ मे

पडवी उभी राहिली. खांब चिऱ्याचे, वासे माडाचे. माड बुंध्याकडचा आणि जुना घ्या, तोही दोन-तीन महिने वाळवून. शेंड्याकडचा भुसभुशीत असतो, वाळवी पहिल्यांदा तिथेच लागते.

पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा केला. जुना सिमेंटचा गिलावा काढताना चिऱ्याचा थरच सुटून येत होता, कारण चिरा ओल ओढतो आणि सिमेंट ती बाहेर सोडत नाही. चुना सोडतो. फक्त त्याला वेळ लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. मृग तोंडावर आलेला, गवंडी म्हणाला होऊन जाईल.

९ जून

झालं नाही. पहिल्या मोठ्या पावसात झड पडवीच्या आत शिरली आणि कच्चा चुना भिंतीवरून दुधासारखा वाहून गेला. खालचे दोन-अडीच फूट उघडे पडले. आता दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पडवीला दक्षिणेकडून माडाच्या झापांचं झडप बांधलं, कोकणात पूर्वापार बांधतात तसं. हे मेमध्येच बांधायला हवं होतं, झाप तेव्हा पाचशे रुपयांत मिळाले असते.

दुसरं, मातीचा वरंबा. न्हाणीच्या शोषखड्ड्याची निघालेली माती भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूला अडीच फूट उंच रचली होती. बाहेरून माती आणू नका. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली परवानगी लागते, आणि रात्री गुपचूप येणाऱ्या टिपरची माती कुठून तरी कापलेलीच असते. आमच्या वरंब्याचा अर्धा भाग पहिल्या आठवड्यात पाटात येऊन बसला. वाळ्याची रोपं लावली होती पण मुळं धरायला वेळ कुठे मिळाला. माती परत वर ओढली, काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकली, तिच्या भोकांतून वाळा आणि मध्ये चवळी. चवळी दोन आठवड्यांत जमीन झाकते, पुढे वाळा सांभाळतो. वरंबा आणि भिंत यांच्यात पाट ठेवला होता म्हणून भिंतीच्या पायाशी पाणी तुंबलं नाही. तो ठेवा.

खरं सांगायचं तर एवढ्या वरंब्याने आवाज काही कमी होत नाही. झाडांनीही होत नाही. रोपवाटिकेत एका रांगेत झाडं लावा, आवाज थांबेल असं सांगतात, ते विकण्यापुरतं. आवाजाला झाडी अडवते ती दाट आणि निदान पंधरा-वीस मीटर रुंद असली तर. एवढी जागा असती तर आम्ही ही भिंत कशाला घातली असती? तरी लावली, कारण रस्ता दिसेनासा झाला की त्याचा त्रास कमी वाटतो. भिरंड (कोकम), कर्वंद, अडुळसा. भिरंड बाराही महिने हिरवी आणि जमिनीपासून दाट, म्हणून ती मुख्य. हळू वाढते, हे आधीच सांगून ठेवतो.

१४ जुलै

मोजणी बंद. शेतातल्या बेडकांनी ६६ दाखवलं, म्हणजे जानेवारीतल्या रस्त्यापेक्षा जास्त. त्याने मात्र कोणाची झोप मोडत नाही.

झोपायच्या खोलीचं दार फुगून लागेना. मेमध्ये रबरासकट घट्ट बसवलेलं, त्याला फुगायला जागाच नव्हती. रंधा मारून घ्यावं म्हणून मेस्तला बोलावलं. त्याने दार एकदा हलवून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बाब, आतां रंदो मारूं नाका. दसरो जावंदी.” म्हणजे दसरा होऊ द्या. पावसात तासलं तर डिसेंबरात दार आकसून अर्धा इंच फट पडते आणि मग रबरही पुरत नाही. त्याने फक्त रबर काढून ठेवलं आणि बिजागऱ्या थोड्या सैल केल्या. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

गोव्यातल्या पावसाळ्यात शांततेचा खरा शत्रू रस्ता नव्हे, पेट्रोलचा गवत कापायचा यंत्र. सकाळी सातला एका वाड्यात सुरू होतो तो दुपारी दुसऱ्या वाड्यात थांबतो. आपल्या अंगणात तरी तो लागू नये म्हणून लॉन नाही, पेव्हर नाही. अंगणाचा तुळशीपुढचा भाग चोपून सारवलेला, बाकी सगळीकडे पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) जाड थर आणि कडेने हळद. उगवतं ते विळ्याने काढता येतं.

२० ऑक्टोबर

दसरा झाला, गवंडी आला. पश्चिमेचा गिलावा परत. यावेळी चुन्यात विटांची सुरकी (भुकटी) मिसळली, सुरकीमुळे चुना ओलातही धरतो. झाप हटवले नाहीत, त्यांच्या आडोशाला काम केलं. रोज दोन वेळा पाणी शिंपडायचं, भिंत एकदम वाळता कामा नये. चुनकळी या खेपेला महिनाभर भिजत ठेवली होती. मेमध्ये घाईघाईत आठवडाभर भिजवलेली वापरली, त्यातले न विरलेले खडे नंतर भिंतीत फुटून पापुद्रे निघाले.

दारही तासलं. पाव इंच मोकळं ठेवून, नवीन पोकळ रबर लावून. पोकळ रबर दबतं, भरीव दबत नाही.

८ डिसेंबर

थंडीतली मोजणी, जानेवारीसारखीच वेळ. ओट्यावर ५४. झोपायच्या खोलीत पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या उघड्या, पंखा बंद: ४१. ट्रक गेला तर ४६. विमान गेलं तर अजून ५५, तेवढं राहणार. एसीशिवाय, खिडक्या उघड्या ठेवून.

आणि मग घरातलाच आवाज ऐकू यायला लागला. विहिरीचा पंप. तो गोठ्याच्या भिंतीवर पट्ट्या ठोकून बसवलेला होता, पाइप घराच्या भिंतीला क्लॅम्प करून, त्यामुळे पंप सुरू झाला की अख्खी भिंत गुणगुणायची. पंप भिंतीवरून उतरवून विहिरीजवळ जमिनीवर काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवला, ठोकळ्याखाली टायरच्या ट्यूबचे चार तुकडे. पाइपात हातभर लवचीक होज, क्लॅम्पमध्ये रबर. खर्च नऊशे रुपये. फ्रिजही स्वयंपाकघरात गेला, तो पूर्वी मधल्या भिंतीला टेकून होता.

१९ जानेवारी २०२५

हिशेब. सगळ्यात मोठा खर्च खोल्यांच्या अदलाबदलीचा, नळ-गटार धरून १,३५,०००. भिंत, नंतर वाढवलेल्या भागासकट, १,१८,०००. पडवी ८२,०००, दारं-खिडक्या ७४,०००, छत ६८,०००, कौलं ४१,०००. गिलावा ५७,००० आणि परत केल्याचे आणखी १९,०००. झाडं, जाळी, वरंबा १४,०००. एकूण सहा लाख आठ हजार, पंपाचे आणि चहाचे सोडून.

कोणाकडे दोनच लाख असतील तर माझा सल्ला: झोपायची खोली मागे न्या, निव्वळ पलंग हलवून जमत असेल तर तसं, आणि तिला छत घालून फटी बुजवा. कुंपणभिंतीला हात घालण्याआधी सुतळी बांधून रेघ बघा. झाडांवर आधी खर्च करू नका.

राहिलेलं काम: उत्तरेच्या वळणाजवळ पाटाला उतार कमी पडतो, तिथे पावसाआधी खणायचंय. भिरंडीची दोन रोपं गेली, ती मिरगाला परत लावायची. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या झडपाला अजून कडी नाही, सुतळीने बांधलंय.